नंबर लागत नाय, असं लिहून द्या

श्रीलंकेला फिरायला जायचं तर तिथला टॅक्स नंबर लागतो का, हे मी नाशकात बारा माणसांना विचारलं. अकरा म्हणाले, नाय लागत. एक म्हणाला, लागतो. मी त्या एकाचं ऐकलं. आता तुम्ही म्हणाल, पुंजा, तू येडा हायेस का. तर ते शेवटी ठरवा, आधी ऐकून घ्या.

तो एक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे नवनाथराव. टॅक्सच्या ऑफिसात एकतीस वर्षं होते. शिपाई होते, पण कॉलनीत त्यांना 'टॅक्समधले' असंच म्हणतात. कुणाला नोटीस येऊ द्या, कुणाचं लाईटबिल वाढू द्या, कुणाची सून माहेरी जाऊ द्या, लोक त्यांच्याकडंच जातात. ते चष्मा पुसतात, कागद लांब धरतात, जवळ आणतात आणि 'हं' म्हणतात. त्या 'हं'ला लय वजन हाय. सुनेच्या बाबतीत कागद नसतो, तरी 'हं' तेवढाच वजनदार.

जायचं होतं माझ्या थोरल्या भावाला, सहादूदादाला. दादा पेंटर. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, टेम्पोच्या मागची अक्षरं, सगळं हातानं. फ्लेक्स आल्यावर बाकीच्या पेंटरांनी भाजीच्या गाड्या लावल्या, दादानं ब्रश सोडला नाय. वहिनी गेल्यापासून तो आणि त्याची पोरगी संजना आमच्या शेजारच्याच खोलीत राहतात, जेवण आमच्याकडं.

ऑगस्टात डॉक्टरनं त्याला काचबिंदू सांगितला. नजर बाजूबाजूनं गेलेली, मधी नळीतून बघितल्यावर दिसतं तेवढं राहिलेलं. गेलेलं परत येत नाय, राहिलेलं औषधानं धरायचं. डॉक्टर चांगला माणूस, गोड बोलला नाय. म्हणाला, "बाबा, जे बघायचं ते बघून घ्या. दिवाळीच्या पुढचं मी काही बोलत नाही."

रिक्षात दादा गडकरी चौकापर्यंत दुकानांच्या पाट्या बघत होता. मग म्हणाला, "पुंज्या, ते झाड बघायचं."

कोणतं झाड ते मी विचारलं नाय. आपल्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याला श्रीलंकेतल्या बोधिवृक्षाची फांदी आणून लावली, तेव्हापासून दादा दर रविवारी तिथं. पोरगं शाळेत घातल्यासारखा जाऊन बघायचा, नवं पान किती आलं. पोपटी कोणतं, तांबूस कोणतं, घरी येऊन मालनला, म्हणजे माझ्या मंडळीला, सांगायचा. मालन म्हणायची, "भाऊजी, पान ते पान." त्यावर दोन दिवस अबोला.

आमच्या विहारातला रवी टूर काढतो. आश्विन पौर्णिमा झाली की श्रीलंका, सात दिवस, अनुराधापूरसकट, ते मूळ झाड तिथंच हाय. मी दोन जागा सांगितल्या. घरात कागदाचं खातं माझ्याकडं. मी शिकलेलो चौथी, धंदा रिक्षाची सीटकव्हरं शिवायचा, पण माझ्यासारखी फाईल कॉलनीत कुणाकडं नाय. मरून रेक्झिनचं कव्हर मी स्वतः शिवलंय, दुहेरी टाक्याचं. आत प्रत्येक कागदाच्या सात झेरॉक्स. लोक हसतात. हसू द्या. माझी पोरगी आता सासरी हाय, पण तिच्या जातीच्या दाखल्यासाठी मला अकरा वेळा खिडकीवरून परत पाठवलंय. माझ्या दाखल्यावर बौद्ध, बापाच्या दाखल्यावर दुसरं, मग मधला कागद कुठाय? बापाच्या आणि माझ्या मधी कागद असतो हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी ठरवलं, या जन्मात परत कोणत्या खिडकीवर 'हे नाही तुमच्याकडं?' असं ऐकून घ्यायचं नाय.

पासपोर्टसाठी ठरल्या दिवशी बोलावलं, पोलीस चौकशीला आला, चहा पिऊन गेला, पंधरा दिवसांत पासपोर्ट घरी. इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकं सोपं काम सरकारात होत नाय. काहीतरी राहिलंय.

आणि काय राहिलंय ते नवनाथरावांनी जिन्यात सांगितलं. मोबाईल लांब धरून वाचलं, "श्रीलंकेत अठरा वर्षांवरच्या प्रत्येकानं टॅक्स नंबर काढायचा, असा नियम झालाय." मग चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "तुमचं वय?"

"एकसष्ट."

"सहादूभाऊंचं?"

"अडुसष्ट."

"मग अठराच्या वरच झाले की दोघं," नवनाथराव म्हणाले. "हं."

झोप उडाली. संजनाला विचारलं. ती मोबाईलच्या शोरूममध्ये कामाला, बीकॉम झालेली. तिनं मिनिटभर बोटं चालवली. "काका, तो नियम तिथं राहणाऱ्यांना आहे. टुरिस्टला लागत नाही."

"कुठं लिहिलंय?"

"हे काय, इथं."

"हे मोबाईलवर हाय. कागदावर दे. सही-शिक्क्याचा."

"काय लिहिलेला कागद?"

"नंबर लागत नाय, असा."

संजना माझ्याकडं बघतच राहिली. "काका, जे लागतं त्याचा कागद मिळतो. जे लागत नाही त्याचा कुठून आणायचा?"

पोरगी हुशार, पण तिला खिडकी माहीत नाय. खिडकीवरचा माणूस तोंडी 'चालतंय' म्हणतो. तुम्ही घरी येता, पेढे वाटता. पुढच्या खिडकीवर दुसरा माणूस असतो. तो विचारतो, चालतंय असं कोण म्हणलं? नाव सांगा. तुम्हाला नाव ठाऊक नसतं.

रवीला गाठलं. तो विहाराच्या पायऱ्यांवर बसून टूरची यादी करत होता. "पुंजाकाका, मी चार टूर नेल्या. कुणी विचारला नाय."

"मग तुझ्या लेटरहेडवर तेवढं लिहून दे."

रवी डोकं खाजवायला लागला. "असं कसं लिहून देऊ? उद्या तिकडं नियम बदलला तर माझ्या अंगावर येईल."

"बघ," मी म्हणालो, "म्हणजे तुझी पण खात्री नाय."

तो परत यादीत तोंड घालून बसला. मला वाटलं मी जिंकलो. त्या काळात मी अशा लय लढाया जिंकल्या.

तिथून एका सीएकडं गेलो. काचेचं ऑफिस, चपला बाहेर. त्यानं विचारलं, "काका, श्रीलंकेत तुमचं काही उत्पन्न आहे का?" म्हणालो, नाय, इथंही फारसं नाय. म्हणाला, "मग कशाला हवाय नंबर?" म्हणालो, तेवढंच लिहून द्या. तो म्हणाला, मी भारताचा सीए आहे. बरोबरच होतं त्याचं, पण चपला काढायच्या आधी सांगायला पाहिजे होतं.

सेतू कार्यालयात पोरगी होती खिडकीवर. तिनं यादी दाखवली. रहिवासी, उत्पन्न, वय-अधिवास, नॉन-क्रिमीलेयर. "काका, 'लागत नाही'चा दाखला यादीत नाही." दोन तास रांगेत उभं राहून मोकळ्या हातानं कसं यायचं, म्हणून मी रहिवासी दाखला काढून आणला. मालननं विचारलं, "हा कशाला?" म्हणालो, "आपण नाशिकला राहतो म्हणून." ती म्हणाली, "मला संशय होताच."

विहारात एक भंतेजी आले होते, श्रीलंकेत आठ महिने शिकलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "उपासक, नाही लागत."

"भंतेजी, दोन ओळी लिहून द्याल का?"

ते हसले. "भिक्खूच्या सहीला तिथं पाया पडतील. पण शिक्का नाही आमच्याकडे."

शेवटी कोर्टाबाहेर नोटरी सापडला. सगळं ऐकून त्यानं टाईपरायटरवाल्याकडं बघितलं, टाईपरायटरवाल्यानं माझ्याकडं. "जे नाही ते लिहून द्यायचं? असं पहिल्यांदाच आलंय." पण माणूस धंद्याचा. स्टॅम्पवर झालं प्रतिज्ञापत्र. मी पुंजा, राहणार नाशिक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की माझ्याकडे श्रीलंकेचा कर क्रमांक नाही, पूर्वी नव्हता व पुढेही काढण्याचा माझा इरादा नाही. लाल शिक्का, गोल शिक्का, तिकीट. दादाचं वेगळं. असा देखणा कागद माझ्या लग्नातही नव्हता.

घरी आणून दादाला दिला, अंगठा नको, सही कर म्हणून. त्यानं कागद नाकासमोर धरला, मान हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवत एकेक शब्द वेचून वाचला. मग सही केली. सही अर्धी कागदावर, अर्धी टेबलावर. ज्या माणसानं दहा फुटी पाटीवर दोरी न लावता सरळ ओळ मारली, त्याची सही. मी टेबल पुसलं.

संध्याकाळी नवनाथराव. चष्मा, लांब, जवळ. "पुंजाभाऊ, हे दाखवू नका."

"का?"

"'पुढेही काढण्याचा इरादा नाही.' याचा अर्थ काय होतो? कर चुकवायचा इरादा. लेखी. शिक्क्यासकट. तिकडचा ऑफिसर म्हणेल, वा, चोर स्वतः लिहून घेऊन आला."

 परत नोटरी. ते वाक्य काढलं. नवनाथराव म्हणाले, मराठी कोण वाचणार तिथं? इंग्रजी केलं. इंग्रजीत दादाचं नाव पासपोर्टपेक्षा एका अक्षरानं वेगळं पडलं, म्हणून तिसऱ्यांदा नोटरी. टाईपरायटरवाला मला 'श्रीलंका' म्हणूनच हाक मारायला लागला.

तोवर सप्टेंबर संपत आला होता. दादा एका किराणा दुकानाची पाटी करत होता. मालकानं मला बोलावून घेतलं. पाटी सुंदर होती. फक्त शेवटची वेलांटी पाटीवर नव्हती, बाजूच्या भिंतीवर होती. मालक म्हणाला, "राहू द्या, पोरं हसतील पण ओळखीचं दुकान होईल." दादानं घरी येऊन ब्रश रॉकेलच्या डब्यात घातले. ते पुन्हा काढले नाय.

संजनानं मला न सांगता श्रीलंकेच्या टॅक्सवाल्यांना ईमेल केला. चार दिवसांत उत्तर आलं. तिनं प्रिंट काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "हे घ्या. कागद. फिरायला येणाऱ्यांना हा नंबर लागू नाही, असं त्यांनी स्वतः लिहिलंय."

मी खालपर्यंत बघितलं. "सही कुठाय?"

"काका, ईमेलला सही नसते."

"खाली काय लिहिलंय हे?"

तिनं वाचलं, आवाज एकदम बारीक. "'हे संगणकानं तयार केलेलं पत्र आहे, सहीची गरज नाही.'"

सहीची गरज नाय असं सांगणारा कागद मी एकसष्ट वर्षांत खरा धरला नाय. नवनाथरावांनीही 'हं' म्हटलं. संजना जेवणावरून उठली. जाताना म्हणाली, "काका, तुम्हाला नंबर नकोय. तुम्हाला कुणीतरी हवंय, ज्याच्यावर नंतर ढकलता येईल." मालन ताटात वाढता वाढता थांबली. "उगीच नाय बीकॉम केलं पोरीनं," एवढंच म्हणाली, आणि मला भात वाढला नाय.

तिकिटं पक्की करायची शेवटची तारीख आली. रवीनं सकाळी फोन केला, दुपारी केला, सहा वाजता दारात आला. "काका, हो म्हणा नायतर नाय म्हणा. मालेगावचे दोघं थांबलेत."

"मला दोन दिवस दे. मी नगरसेवकाला सांगून दिल्लीला, त्यांच्या वकिलातीला, पत्र..."

"काका, दोन तासही नायत."

दादा आतल्या पलंगावर बसलेला होता, सगळं ऐकू जात होतं. मी आत बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, म्हणजे माझ्या थोडं शेजारी, फ्रिजकडं. मला एकच दिसत होतं. परदेशातली खिडकी, काचेमागं वर्दीतला माणूस, मागं रांग, आणि तो दादाला म्हणतोय, हे नाही तुमच्याकडं? आणि दादाला तिथून धरून परत आणायचं. मला ते बघायचं नव्हतं.

"पुढच्या टूरला," मी म्हणालो. "रीतसर जाऊ."

रवीनं जागा मालेगाववाल्यांना दिल्या. मी आत जाऊन दादाला सांगितलं.

"पुढची कधी?" दादानं विचारलं.

"जानेवारीत."

"बरं," दादा म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तुला कागदातलं कळतं."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणाला.

दिवाळीत दादा दारातल्या पणत्या मोजत होता. तीन म्हणाला. अकरा होत्या. पाडव्याला संजनानं ओवाळलं तेव्हा तो ताटाकडं न बघता आवाजाकडं बघत होता. डिसेंबरात डॉक्टरनं बॅटरी मारली, डावीकडं, उजवीकडं, बंद केली, आणि दादाला सोडून माझ्याशी बोलायला लागला. माणूस समोर बसलेला असताना डॉक्टर नातेवाइकाशी बोलायला लागला की ओळखायचं. मी ओळखलं. दादानंही.

जानेवारीच्या टूरचं मी नाव काढलं नाय. नगरसेवकाचं पत्र दिल्लीला गेलं होतं, दिल्ली विचार करत होती. संजनानं माझ्या फाईलीतून पासपोर्ट काढून नेले, जागा भरल्या आणि रविवारी सांगितलं, "गुरुवारी निघायचंय. तुम्ही आला नाहीत तर मी रजा टाकून बाबांना घेऊन जाते."

"आता कशाला?" माझ्या तोंडून गेलं.

 दादा म्हणाला, "स्वेटर लागतो का रे तिकडं?"

कोलंबोला उतरलो. खिडकी आली. अगदी माझ्या डोक्यात होती तशीच, काच, वर्दी, मागं रांग. मी दादाला एका हातानं धरलं, दुसऱ्या हातात फाईल, चेन उघडलेली, प्रतिज्ञापत्र सगळ्यात वर. ऑफिसरनं पासपोर्ट घेतले, आमच्या तोंडाकडं बघितलं, ठक, ठक. परत दिले.

मी हललो नाय. मागचे ढकलत होते. मी काचेवर वाकून म्हणालो, "साहेब, टॅक्स नंबर?"

"व्हॉट?"

मी प्रतिज्ञापत्र सरकवलं. त्यानं वाचलं. शेजारच्या ऑफिसरला दाखवलं. दोघं हसले, वाईट नाय, माणसं हसतात तसे. "टुरिस्ट?"

"येस."

"नो नीड," तो म्हणाला, आणि कागद मला परत दिला.

पुढं बाकड्यावर दादाला बसवलं. "काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

"म्हणाला, कागद बरोबर हाय."

"हं," दादा म्हणाला. नवनाथरावांचा 'हं' याच्यापुढं काहीच नाय.

तिसऱ्या दिवशी अनुराधापूर. चपला काढून वाळूतून चालत गेलो. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळाच्या कळ्या, लय गर्दी पण आवाज नाय. झाड उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, वर कुणाला सोडत नाहीत. मी दादाला जिथून नीट दिसतं तिथं उभं केलं, त्याची हनुवटी धरून मान वर केली, जरा डावीकडं वळवली.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"उजेड," दादा म्हणाला. "आणि मधी काहीतरी काळं."

"तेच झाड."

"ते तुझं डोकं असंल. जरा सरक."

मी बाजूला झालो. "आता?"

"आता नुसता उजेड."

शेजारी एक म्हातारी हात जोडून पुटपुटत होती. तिचं संपेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "दादा, तो नंबर लागत नव्हता. कधीच लागत नव्हता. ऑक्टोबरात आलो असतो तरी चाललं असतं."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"डोळे गेलेत, पुंज्या. कान हायेत. 'नो नीड' एवढं इंग्रजी पेंटरला येतं." त्यानं मान माझ्याकडं वळवली. "तू खोटं बोललास, तिथं मला जास्त राग आला. ती पोरगी बरोबर बोलली तुला. बरं झालं बोलली."

 माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला.

"ते घरी जाऊन मालनपुढं रड. इथं टाईम घालवू नको. झाड सांग."

"झाड म्हणजे... मोठं हाय."

"किती मोठं?"

मी बघितलं. खरं म्हणजे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "मोठं नाय रे. बारीक हाय. म्हातारं. फांद्यांना खाली टेकू दिलेत, सोनेरी लोखंडाचे."

"किती?"

"चार. नाय, पाच. एक पानांत लपलाय."

"पानं कशी?"

"हिरवी."

"हिरवं किती तऱ्हेचं असतं, ठाऊक हाय तुला? साठ वर्षं डोळे घेऊन फिरतोयस, हिरवी म्हणतो."

मी परत बघितलं. डोळ्यात पाणी असलं की पानं एकमेकांत मिसळतात, म्हणून बाहीनं पुसलं. शेंड्याला पोपटी होती, मधी काळपट, आणि एका टोकाला तीन पानं तांब्याच्या रंगाची, अगदी नवी, त्यांतून ऊन आरपार जात होतं. ते सगळं मी एका दमात सांगून टाकलं, टेकू, कठडा, पोपटी, तांबूस, फांदीवर बसलेला कावळा, सगळं.

दादानं माझं मनगट धरलं.

"हळू सांग," तो म्हणाला. "घाई करायची तवा केली नाय तू. आता कशाला करतो?"

मी परत बुंध्यापासून सुरुवात केली.